ओट्यावरचा कप

सिंधुबाई: बस गेली तुझी.

वेदिका: जाऊ दे.

सिंधुबाई: जाऊ दे काय? पर्स खांद्याला, चपला पायात, नि मघापासून अंगणात येरझाऱ्या घालू राहिली. कॉलेजातल्या पोरांना आज बाई नको का?

वेदिका: पहिला तास नाही आज.

सिंधुबाई: मंगळवारी पहिलाच तास असतो तुझा. दर मंगळवारी माझ्यामागं भुणभुण असते, आई, डबा लवकर, आई, पोळ्या लवकर.

वेदिका: आई, जरा शांत बसाल का?

सिंधुबाई: शांतच बसले. मेथी निवडू राहिले. शुक्रवारपासून तू माझ्या तोंडाला कुलूप घातलं, ते काय मी उघडलं नाय.

वेदिका: तोंडाला नाही घातलं. शोनाच्या दारावर थाप मारू नका, एवढंच म्हणाले मी.

सिंधुबाई: एवढंच. पार स्कॉटलंडहून बाई आली, आपल्या मळ्यातल्या खोलीत उतरली, नि घरच्या बाईनं तिच्या दारात जायचं नाय. आमच्यात पाहुण्याला असं ठेवत नाय बाई. जप्तीचं सामान ठेवतात असं.

वेदिका: ती पाहुणचाराला नाही आली. लिहायला आली आहे. मी तिच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद केला, त्याचं प्रकाशन दिवाळीनंतर. त्याच्या आधी महिनाभर मला अशी खोली दे, जिथे माझ्याशी कोणी बोलणार नाही, असं तिनंच कळवलं होतं. आणि आपण काय केलं? उजाडायच्या आत चहा. मग पोहे. मग पेरू. मग तुमचं सगळं भजनी मंडळ तिला बघायला. सत्तरी उलटलेल्या बाईला तुम्ही फुगडी घालायला लावलीत.

सिंधुबाई: हसत होती ती.

वेदिका: हसेल नाहीतर काय करेल? आल्यापासून एक ओळ लिहून झाली नव्हती तिची. माझ्यापाशी रडकुंडीला आली होती.

सिंधुबाई: मला इचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं. पेटीत कपडे दोन नि पुस्तकं पोतंभर. मी उचलायला गेले तर कंबर धरली. एवढी पुस्तकं हायेत तर आता वाच म्हणावं, आणखी लिहायला कशाला पायजे?

वेदिका: आई.

सिंधुबाई: बरं, राहिलं. झालं ना पण तुमच्या मनासारखं? शुक्रवारपासून तुझा संध्याकाळचा डबा सोडला तर तिकडं कुणी फिरकलं नाय. मग तू का तिच्या दाराकडं बघून नखं खाऊ राहिली?

वेदिका: नाही खात.

सिंधुबाई: रुद्र पोटात होता तेव्हा खायचीस, तशी खाऊ राहिली. काय झालं ते सांग.

वेदिका: कप नाहीये.

सिंधुबाई: कसला कप?

वेदिका: तुम्हाला सांगायचं नव्हतं. शोनाचं नि माझं ठरलं होतं. दार वाजवायचं नाही हे खरं, पण ती बरी आहे हे मला कळायला नको का? वय झालेली बाई, परका देश. तेव्हा तिनंच सुचवलं. सकाळी उठून चहा घेतला की रिकामा कप ती बाहेर ओट्यावर ठेवणार. कप दिसला की मी समजायचं, बाई उठली, ठीक आहे. संध्याकाळी मी डबा ठेवून गेले की त्याच्याबरोबर ती तो आत घेते. मी बसला जाताना फाटकातून बघते नि पुढे जाते. रोज असायचा. काल होता. आज नाही.

सिंधुबाई: नि हे मला का नाय सांगायचं?

वेदिका: कारण तुम्ही पहाटेपासून समोर खुर्ची टाकून बसला असतात.

सिंधुबाई: बसलेच असते. कोणता कप? निळ्या फुलाचा?

वेदिका: हो. तुम्हीच दिलेला.

सिंधुबाई: मग तो आपल्या घरात हाय. भांड्याच्या जाळीत पालथा घातलाय मी.

वेदिका: काय?

सिंधुबाई: सकाळी तिच्या दारात सडा टाकायला गेले होते.

वेदिका: मी तुम्हाला सांगितलं होतं ना...

सिंधुबाई: थाप मारू नको म्हणालीस. सडा टाकू नको नाय म्हणालीस. वसुबारस तोंडावर आली. आपल्या एका दारात सडा-रांगोळी नि एका दारात धूळ, बरं दिसतं का? लोक म्हणतील, त्या खोलीत सुतक हाय का काय.

वेदिका: कोणते लोक? समोर झुंबरभाऊंनी जागा बिल्डरला दिली, तिथे नुसते पत्रे उभे आहेत. कोण बघतंय आपल्या दारात?

सिंधुबाई: ते बी खरं हाय. पण सवय जात नाय. गेले, तर दारात उष्टा कप, नि त्याला मुंग्यांची रांग. खरकटं दारात ठेवतं का कुणी? उचलला नि घासला.

वेदिका: आई, तुम्हाला काय सांगू. माझा जीव अर्धा झाला होता. काय काय डोक्यात येत होतं माझ्या. पोलीस, वकिलात, तिची भाची. म्हणजे कप होता. म्हणजे बरी आहे ती. चला, पुढची बस तरी मिळेल मला.

सिंधुबाई: थांब.

वेदिका: आता काय?

सिंधुबाई: ती चहा पिऊन कप ठेवते म्हणतेस. मी गेले तेव्हा झुंजूमुंजू होतं. एवढ्या लवकर उठते ती?

वेदिका: एरवी नाही उठत. आज उठली असेल.

सिंधुबाई: नि कपातला चहा ओला नव्हता. तळाला वाळून घट्ट बसला होता. काथ्यानं घासला तेव्हा निघाला.

वेदिका: म्हणजे?

सिंधुबाई: म्हंजे तो आजचा कप नव्हताच. कालचा होता.

वेदिका: काल संध्याकाळी तिनं तो आत घेतलाच नाही.

सिंधुबाई: नि तू दिवेलागणीला ठेवलेला डबा बी तिथंच हाय. झाकणाला सुदीक हात लागला नाय.

वेदिका: डबा तुम्ही पहाटे पाहिलात? आणि मला आत्ता सांगताय?

सिंधुबाई: तुमचीच ऑर्डर होती ना. डब्याला हात लावायचा नाय, ती जेवली का इचारायचं नाय. म्हटलं, शिकलेल्या लोकांचं असंच असंल, भूक लागली की खातील. पण मग मी मेथी घेऊन हितं उन्हात का बसले, ते सांग. आत पंखा हाय. तिथं बसले असते.

वेदिका: इथून तिचं दार दिसतं.

सिंधुबाई: तेच.

वेदिका: काल सकाळनंतर तिला कुणी पाहिलं? बहिरूदादांनी?

सिंधुबाई: बहिरू दिसभर फवारणीला होता. त्या ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? खिडकीचा पडदा लावलेला होता म्हणाला.

वेदिका: लिहिताना लावते ती पडदा.

सिंधुबाई: झोपली तरी लावत असंल. चल, ऊठ. दार वाजवू.

वेदिका: थांबा ना.

सिंधुबाई: आता कशाला थांबू?

वेदिका: मी शब्द दिलाय तिला. कदाचित रात्रभर लिहीत बसली असेल नि आता कुठे डोळा लागला असेल. इतक्या दिवसांनी कविता जुळून आली असेल. आपण जाऊन दणादणा वाजवायचं, नि ती हातात पेन घेऊन दारात उभी राहिली तर मी तिला काय तोंड दाखवू?

सिंधुबाई: नि नाय उभी राहिली तर?

वेदिका: असं बोलू नका हो.

सिंधुबाई: मग कसं बोलू?

वेदिका: तिच्या पुस्तकात आहे. तुम्हाला वाचून दाखवलं होतं मी. शब्द मांजरासारखे असतात. घरात परकं माणूस आलं की पलंगाखाली जाऊन बसतात, नि ते माणूस गेलं तरी लवकर बाहेर येत नाहीत. मी इतक्यांदा वाचलंय ते, इतक्यांदा खोडून पुन्हा लिहिलंय, की आता त्या दाराकडे हात जात नाही माझा.

सिंधुबाई: आठवतं मला. मांजराला बी दूध ठेवावं लागतं, असं मी म्हणाले होते. तू हसली होतीस.

वेदिका: हो.

सिंधुबाई: दुसरं बी आठवतं. पुस्तकाचं एक बरं असतं, ते शेजारी बसतं नि जेवलात का इचारत नाय. हे तू वाचलंस नि माझ्याकडं बघितलंस.

वेदिका: मी नाही बघितलं.

सिंधुबाई: बघितलंस. लागलं मला ते. माणसानं माणसाला जेवलीस का इचारलं, त्यात वाईट काय हाय गं? माझ्या आईला शेवटी शेवटी आमची नावं आठवत नव्हती, पण गेलं की जेवलीस का, एवढं इचारायची.

वेदिका: वाईट नाही. पण दिवसातून किती वेळा, आई? हे पुस्तक मी कुठे बसून केलं, माहीत आहे तुम्हाला? बसमध्ये. कॉलेजच्या जिन्यात. रुद्रच्या क्लासबाहेर गाडीवर बसून. घरात खोलीचं दार लावलं की लगेच तुम्ही बाहेरून, वेदिका, बरं नाही का गं?

सिंधुबाई: मला वाटायचं, हर्षलचं नि तुझं वाजलं.

वेदिका: काही वाजलं नव्हतं. मला नुसतं दार लावून बसायचं होतं. कुणावर रागवून नाही, डोकं दुखतंय म्हणून नाही. नुसतं बसायचं होतं.

सिंधुबाई: म्हंजे तुम्ही इंदिरानगरच्या फ्लॅटात राहायला चाललात, ते रुद्रच्या शाळेसाठी नाय.

वेदिका: शाळेसाठीही आहे.

सिंधुबाई: बरं. शाळेसाठी बी हाय.

वेदिका: आई, हा विषय आत्ता नको. आम्ही तुम्हाला चला म्हणालोच होतो. तुम्हीच म्हणालात, मळा सोडून मी चौथ्या मजल्यावर टांगून घ्यायची नाय, मी राहीन एकटी. किती विनवलं आम्ही.

सिंधुबाई: विनवलं. एकदा हर्षलनं जेवताना, एकदा तू भांडी लावताना. मी नाय म्हणाले, नि दुसऱ्या दिवशीपासून तू मला हे पुस्तक वाचून दाखवायला लागलीस. एकट्या माणसाची सकाळ कशी मोठी असते. एकटं राहिलं की आपलं आपल्याला कसं ऐकू येतं. मला काय कळत नाय का, तू कशासाठी वाचू राहिली?

वेदिका: मला वाटलं, तुम्हाला आवडतंय.

सिंधुबाई: आवडायचंच. तू एरवी माझ्याजवळ एवढा वेळ बसतेस कुठं? ती बाई काय म्हणती त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. तुझा आवाज ऐकत बसायचे.

वेदिका: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सिंधुबाई: बोलले असते तर वाचायची थांबली असतीस. चल आता. डबा तसाच पडलाय, वेदिका.

वेदिका: चला. पण हळू वाजवा.

सिंधुबाई: सोनाबाई. ओ सोनाबाई.

वेदिका: शोना? मी वेदिका. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. शोना?

सिंधुबाई: काय आवाज येतो का?

वेदिका: तुम्ही गप्प राहिलात तर येईल.

सिंधुबाई: तू खिडकीला कान लाव. मी हितं लावते.

वेदिका: काही नाही. पंखा फिरतोय नुसता.

सिंधुबाई: बहिरूला हाक मारू? पहार घेऊन येईल. कडी जुनीच हाय, एका झटक्यात निघंल.

वेदिका: अजून एकदा. शोना, दार उघडता का? शोना. आई, उघडत नाहीये ती. मीच म्हणाले कुणी जायचं नाही. तुम्ही जात होतात ते बरं होतं. माझ्या हट्टापायी...

सिंधुबाई: गप. हट्टाचं मागाहून बघू. जोरात वाजव. चहा मागायला आल्यासारखं वाजवू नको. असं. ओ सोनाबाई, दार उघडा.

वेदिका: थांबा. ऐकलंत?

सिंधुबाई: पलंग करकरला.

वेदिका: उठतेय. खुर्ची सरकली. शोना, सावकाश या. घाई नाही.

सिंधुबाई: घाई नाय म्हणती. मी हितं बहिरूला हाक मारायला निघाले होते.

(दार उघडतं. शोना इंग्रजीतच बोलते, वेदिकाही तिच्याशी इंग्रजीतच बोलते. ते इथे मराठीत दिलं आहे. सिंधुबाईंना त्यातलं काही कळत नाही.)

शोना: माफ करा. उभं राहिलं की खोली फिरते. भिंत धरून यावं लागलं.

सिंधुबाई: अगं बाई, भाजू राहिली ही. हात लावून बघ. धर तिला त्या बाजूनं. अशी. बसवू नको, आडवीच कर.

शोना: काल दुपारपासून ताप आहे. पलंगाजवळ पाणी होतं, ते पीत होते. आता तेही संपलं.

वेदिका: आई, कालपासून ताप आहे म्हणतात. पाणी संपलंय.

सिंधुबाई: हे घ्या. हळू. घोट घोट. सगळं एकदम नको. तू गावातल्या डॉक्टरला फोन लाव, घरीच या म्हणावं. मी पट्टी ठेवते. हिचा टॉवेल कुठं हाय? पुस्तकांखाली. सगळं पुस्तकांखालीच हाय हिचं.

वेदिका: लागला फोन. कंपाउंडर म्हणतो, डॉक्टर निघालेच आहेत, वाटेत आपल्याकडे येतील.

सिंधुबाई: येऊ दे. तोवर हितंच बस. डॉक्टर आले की मी पेज टाकते.

वेदिका: शोना, तुम्ही हाक का नाही मारलीत? काल संध्याकाळी मी डबा ठेवायला आले होते. दाराबाहेरच होते.

शोना: ऐकलं मी. तू चवड्यांवर चालत होतीस. डबा ठेवलास, थोडा वेळ थांबलीस, मग गेलीस. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं.

वेदिका: मग?

शोना: नियम माझाच होता. तुझ्या सासूबाईंना मीच लांब ठेवायला लावलं. आता जरा ताप आला की लगेच त्यांनाच हाक मारायची? लाज वाटली मला. म्हटलं, सकाळपर्यंत उतरेल. सकाळी कपापर्यंत जाणंसुद्धा जमलं नाही.

सिंधुबाई: काय म्हणती?

वेदिका: हाक मारायची लाज वाटली म्हणतात.

सिंधुबाई: तापाची कसली लाज? लुगडं फिटलं तर माणूस लाजतं. सांग तिला.

वेदिका: सांगते नंतर.

शोना: रागावल्या का त्या?

वेदिका: नाही. काळजीत आहेत. बोलणंच तसं आहे त्यांचं.

शोना: काल दिवसभर मी त्यांच्या पावलांची वाट बघत होते. आधी त्या यायच्या तेव्हा चिडायचे मनातून. चपलांचा आवाज आला की संपलं, हातातली ओळ गेली. मग तू बंदोबस्त केलास. पहिले दोन दिवस छान गेले. चार ओळी आल्या, चांगल्या आल्या. तिसऱ्या दिवशी मी ओळ सोडून दाराकडेच कान लावून बसले. आणि काल तर मला कुणी विचारलंच नाही, जेवलात का.

सिंधुबाई: आता काय म्हणाली?

वेदिका: म्हणतात, काल तुमची आठवण आली.

सिंधुबाई: माझी? बघ, नि तू मला येऊ देत नव्हतीस.

शोना: माझ्या पुस्तकात आहे ना ते वाक्य? पुस्तक शेजारी बसतं नि जेवलात का विचारत नाही.

वेदिका: आहे. ज्यांना ज्यांना मी अनुवाद दाखवला, त्यांना तेच जास्त आवडलं.

शोना: मलाही फार आवडायचं. मोठ्या सभेत वाचायचे. लोक हसायचे.

वेदिका: तुम्ही आता फार बोलू नका.

शोना: नाही, ऐक. तू विचारलं होतंस, कपाचं मला कुठून सुचलं. आमच्या बेटावर एकटी राहणारी माणसं सकाळी उठली की खिडकीचा पडदा वर करतात. समोरच्या घरातलं कुणीतरी बघतं. पडदा वर गेला, म्हणजे माणूस उठलं. कुणी दार वाजवत नाही, कुणी चौकशी करत नाही. पण बघतात. माझ्या समोर पेगी राहायची. आम्ही महिनोन्‌महिने बोलायचो नाही. मी एकटी राहते, एकटीनं लिहिते, असं मी जगभर सांगत फिरले, आणि तेवढी सगळी वर्षं ती रोज सकाळी माझा पडदा बघत होती.

वेदिका: हे पुस्तकात नाही.

शोना: नाही. तेव्हा ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही मला. आपल्या घराला पाया आहे, असं कुणी लिहितं का? मग पेगी गेली. तिचं घर शहरातल्या लोकांनी घेतलं, उन्हाळ्यापुरतं येतात. गेल्या हिवाळ्यात मी अशीच आजारी पडले. पडदा खाली तो खालीच राहिला. किती दिवस, ते मलाही आठवत नाही. कुणाला कळलं नाही. पुढे बरी झाले, उठले, पडदा वर केला, नि समोरच्या बंद खिडकीकडे बघून इतकी रडले की मला माझीच भीती वाटली. त्यानंतर लिहिणं बंदच पडलं. म्हणून इथे आले. बेटावर लिहिता येईना, हे कुणाला सांगायचं?

वेदिका: शोना, मला हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही.

शोना: तू माझं पुस्तक इतक्या प्रेमानं मराठीत केलंस, तुला कुठल्या तोंडानं सांगू? एकांतावर मी जे लिहिलं ते खोटं नाही. पण लिहिलं तेव्हा समोरच्या घरात माणूस होतं, वेदिका. अनुवादाला शेवटी टीप जोडणार असशील तर एवढं जोड.

सिंधुबाई: लय बोलली. डोळ्यात पाणी बी आलं. काय म्हणाली?

वेदिका: काही नाही. त्यांच्या गावाबद्दल सांगत होत्या. थंडी फार असते म्हणतात.

सिंधुबाई: एवढं बोलली, नि थंडी?

वेदिका: तापात आहेत, आई.

सिंधुबाई: मला इंग्रजी येत नाय, पण माणसाचं तोंड बघून कळतं. ती बोलत होती नि तू फरशीकडं बघत होतीस. काय म्हणाली ते सांग.

वेदिका: घरी गेल्यावर सांगते.

सिंधुबाई: पुस्तकातलं सगळं वाचून दाखवलंस ना मला? मग हे बी सांग.

वेदिका: त्यांच्याकडे एकटी माणसं सकाळी खिडकीचा पडदा वर करतात. समोरचं कुणीतरी बघतं. पडदा वर दिसला की समजतात, बरी आहे.

सिंधुबाई: कपासारखं.

वेदिका: हो. यांच्या समोर एक बाई होती, ती बघायची. ती वारली. आता ते घर बंद असतं. गेल्या थंडीत या आजारी पडल्या. पडदा खालीच राहिला. कुणाला कळलं नाही.

सिंधुबाई: कुणाला म्हंजे कुणालाच नाय?

वेदिका: कुणालाच नाही.

सिंधुबाई: अरेरे. नि?

वेदिका: आणि म्हणतात, पुस्तक लिहिलं तेव्हा ती बाई समोर होती.

सिंधुबाई: असं.

वेदिका: हो.

सिंधुबाई: पट्टी सुकली तिची. दे इकडं, भिजवून ठेवते. गरीब बिचारी. एवढी पुस्तकं लिहिली नि पाणी द्यायला कुणी नाय.

वेदिका: आई, तुम्ही काहीतरी बोला ना.

सिंधुबाई: काय बोलू? आपल्या समोर बी होती. झुंबरची आई, यशोदाबाई. तुझे सासरे गेले तेव्हा हर्षल होस्टेलला, मी मळ्यात एकटी. यशोदाबाई रोज तिच्या ओट्यावरून बघायची, मी सडा टाकला का. एका सकाळी मी उठलेच नाय. उठावंसंच वाटलं नाय. ऊन वर यायच्या आत ती दारात हजर. बादली घेतली नि माझ्या दारात तिनं सडा टाकला. मग मला उठावंच लागलं.

वेदिका: मला हे माहीतच नव्हतं.

सिंधुबाई: तू कुठं होतीस तेव्हा. आता ती बी नाय नि तिचा ओटा बी नाय.

वेदिका: आई, फ्लॅटचं आपण पुन्हा बोलू. हर्षल आला की बोलू.

सिंधुबाई: रडू नको. मी रागानं नाय बोलत. तुला दार लावून बसायला जागा पायजे, हे मला आज कळलं. आधी सांगितलं असतंस, तर ही खोली होतीच की रिकामी. तुलाच दिली असती.

वेदिका: आणि थोड्या थोड्या वेळानं चहा घेऊन आला असतात.

सिंधुबाई: आलेच असते. पण दिली असती. आता तुमचं ठरलंय, तर जा. मी बी ठेवीन कप, तुम्ही गेल्यावर. हाच, निळ्या फुलाचा. चहा पिईन, धुईन नि ओट्यावर ठेवीन रोज. ते काय अवघड नाय मला.

वेदिका: आई...

सिंधुबाई: कपाचं मी बघते गं. मी आपलं इचारू राहिले. समोर तर पत्रे हायेत. बघायचं कुणी?

शोना: काय विचारतात त्या?

वेदिका: म्हणतात, मीही रोज ओट्यावर कप ठेवीन. पण बघायचं कुणी?

शोना: मला विचारतात?

वेदिका: नाही. मला.